बाभळीचं स्टँड

शरणप्पांना रागवायला कारण लागत नसे. पण त्या दिवशी कारण होतं, आणि ते सहा फूट लांब होतं.

दुपारी ते अडतीवरून जेवायला घरी आले, तेव्हा सोलापुरात बाळीवेशीतल्या त्यांच्या दारात हातगाडी उभी होती. गाडीवर गोधड्यांत गुंडाळलेली काचेची पेटी, लोखंडी अँगलच्या चौकटीत बसवलेली. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. एका टोकाला गाडीवाला, दुसऱ्या टोकाला त्यांचा एकुलता एक मुलगा विरुपाक्ष, आणि पेटी दारातून आडवी न्यायची की तिरकी यावर दोघांची कुजबुज चाललेली. कुजबुज अशासाठी, की अप्पा यायच्या आत पेटी घरात गेली पाहिजे असा विरुपाक्षचा बेत होता. तो फसला. शरणप्पांनी चपला न काढताच विचारलं, हे काय आहे, आणि विरुपाक्षनं खाली बघत सांगितलं, माशांची टाकी.

मासे! शरणप्पांची आई जिवंत असताना घरात कुणी अंड्याचं नाव काढलं तरी ती चूळ भरायला उठायची. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, तळहातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय शरणप्पांच्या पोटात पाण्याचा घोट जात नसे. अशा घरात मासे. खायचे नाहीत, नुसते बघायचे, असं विरुपाक्षनं दोनदा सांगितलं, तर ते त्यांना आणखीच खटकलं. खाणारे लोक निदान भूक लागली म्हणून खातात. पाण्यात सोडून बघत बसायचं हे कसलं लक्षण, असं त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मांडलं.

विरुपाक्ष प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता. ज्वारीच्या अडतीला प्राणिशास्त्राचा काय उपयोग, हे शरणप्पांनी कॉलेजच्या प्रत्येक वर्षी विचारून पाहिलं होतं. पास झाल्यावर पोरगा गादीवर बसेल असं धरून चालले होते, तर तो टेंभुर्णीच्या कुंडलिक नावाच्या दोस्ताबरोबर पुण्याला गेला आणि दीड वर्ष एका दुकानात माशांच्या टाक्या बांधायला शिकला. संक्रांतीला परत आला तो डोक्यात एकच घेऊन. सात रस्त्याच्या चौकात गाळा घ्यायचा आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांत, कापडाच्या दुकानांत शोभेच्या टाक्या बसवून द्यायच्या. लोकांना दाखवायला एक मोठी टाकी पाहिजे. अप्पांच्या बैठकीच्या खोलीत दिवसभर व्यापारी येत-जात असतात, म्हणून ती टाकी तिथं.

होळीपर्यंत दोन गिऱ्हाइकं मिळाली तर तो सोलापुरात राहणार होता. नाहीतर कुंडलिकनं पुण्यात दुकान काढलंच होतं, त्यात भागीदार म्हणून जाणार, आणि मग कायमचा तिकडचाच होणार. हे त्यानं आईला, अक्कम्माला, सांगितलं. अप्पांना सांगायचं काम नेहमीप्रमाणे तिच्याकडे आलं आणि तिनं ते भाकरी वाढता वाढता उरकलं. शरणप्पांनी ताट सारलं. जातो तर जाऊ दे, म्हणाले. असं तीनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज इतका चढला की अक्कम्माला काय ते कळलं. तीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. या माणसाला भीती वाटली की तो ओरडतो.

भीती होतीच. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. एकच पोरगा, तो गेला तर या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक घड्याळ एवढंच उरणार, हे शरणप्पांना स्वच्छ दिसत होतं. पण दिसलेलं बोलून दाखवायची त्यांची पद्धत वेगळी. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोडाऊनमध्ये एका हमालाला फाटक्या पोत्यावरून असं झापलं की तो दोन दिवस कामावर आला नाही. त्यात चनबसप्पानं तेल ओतलं. हा त्यांचा चुलतभाऊ, कापडवाला, सात रस्त्याला नवीन मोठं दुकान थाटण्याच्या तयारीत. चारचौघांत, चहाच्या टपरीपाशी त्यानं विचारलं, शरणप्पा, आता अडतीत ज्वारीबरोबर सुकट पण येणार का. लोक हसले. शरणप्पांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि चालू लागले. चनबसप्पाला तर ते बोललेच, पण मनातल्या मनात, आणि मनातल्या मनात बोललेलं त्यांना कधीच पचत नसे.

मग शनिवारी स्टँड आलं. विरुपाक्षनं एका सुताराकडून बनवून घेतलेलं, चार सरळ पाय, वर गुळगुळीत रंधा मारलेली फळी, खाली आडव्या पट्ट्या. शरणप्पा त्याच्याभोवती एकदा फिरले. मग एका पायाला दोन बोटं लावून त्यांनी ते हलवलं. हललं. फार नाही, केसभर. पण त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी हिशेब मांडला. टाकीत पाणी पाचशे लिटर. पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो. पाचशे किलो म्हणजे क्विंटलची पाच पोती. पाच पोती ज्वारी या काटक्यांवर ठेवणार? त्यांच्या घरात, त्यांच्या बैठकीत, सगळ्या बाजारासमोर ही टाकी धाडकन खाली आली तर? पोरगं मग कशाला थांबतंय. हे शेवटचं ते बोलले नाहीत. बोलले ते एवढंच, की सुताराला वजन कळत नाही, पुण्यात शिकलेल्याला तर मुळीच कळत नाही, आणि वजन म्हणजे काय ते आता मी दाखवतो. विरुपाक्षनं तोंड उघडायच्या आत त्यांनी ते स्टँड उचलून मागच्या परड्यात नेऊन ठेवलं. अक्कम्मानं नंतर त्यावर वाळवणाची सुपं मांडली.

रविवारी बाजार बंद. सकाळीच शरणप्पा गोडाऊनवर गेले आणि भिमाला घेऊन आले. भिमा त्यांचा जुना हमाल, सांगोल्याकडचा, मेंढरं मोडून सोलापुरात आलेला, पन्नाशीचा, पाठीवर अजून दीड पोतं सहज पेलणारा. दोघांनी गाडीवर घालून आणली ती बाभळीची लाकडं. जमिनीची ओल धान्याला लागू नये म्हणून गोडाऊनमध्ये पोत्यांखाली लाकडी बैठक घालतात, तिचे वासे आणि फळ्या. वीस वर्षं त्यांच्यावर पन्नास-पन्नास पोत्यांची थप्पी बसलेली. लाकूड काळं पडलेलं, दगडासारखं झालेलं, पण तडा म्हणून कुठं नाही. शरणप्पांनी त्यावर थाप मारली आणि खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

दिवसभर ठोकाठोक चालली. बाभळीत खिळा शिरत नाही, वाकतो. आठ खिळे वाकले आणि प्रत्येक खिळ्यामागे शरणप्पांनी लोहाराच्या आईबापाची विचारपूस केली. हातोडा त्यांनी भिमाला दिला नाही, स्वतःच चालवला. तळहाताला फोड आले, एक फुटला, धोतराच्या सोग्यानं त्यांनी तो पुसला आणि परत हातोडा उचलला. सहा पाय केले, चार पुरले असते तरी. त्यांच्यावर आडवे वासे, वाशांवर चार फळ्या. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवली, कारण बैठकीला फट ठेवायचीच असते, हवा खेळायला. रंधा मारायचा का, असं भिमानं विचारलं. घट्ट लाकूड सोलून बारीक करायचं कशाला, असा त्यावर उलटा प्रश्न आला.

एका कोपऱ्यात वाशाला गाठ होती. तिच्यावर बसलेली फळी बाकीच्या फळ्यांपेक्षा थोडी वर राहिली. भिमाच्या ते नजरेला आलं. "मालक, हितं जरा..." एवढं तो म्हणाला, तर शरणप्पांनी हातोडा थांबवून त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की भिमाला पाणी प्यायची आठवण झाली. थप्पीच्या बैठकीत असल्या गाठी शंभर असतात, कुणी बघत नाही. पोतं मऊ असतं. खाली उंच-सखल काय असेल ते आपल्यात जिरवून बसतं, आणि वरचं वजन जसं वाढेल तसं घट्ट बसत जातं. शरणप्पांनी चाळीस वर्षं पोती बसताना बघितली होती. काच बसताना त्यांनी एकदाही बघितली नव्हती.

विरुपाक्ष दारात उभा होता. फळी सपाट आहे का ते बघायला त्याच्या हातात पाण्यानं अर्धी भरलेली बाटली होती. ती त्यानं फळीवर आडवी ठेवली, वाकून बघितलं, मग दुसऱ्या फळीवर ठेवली.

"अप्पा, ही फळी जरा वर..."

"सुम्नीरू," शरणप्पा म्हणाले.

त्यांच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालत, पण रागाचा कारभार सगळा कानडीत होता. सुम्नीरू म्हणजे गप्प बस. विरुपाक्ष हा शब्द अआइईच्या आधी शिकला होता. पोती मी आयुष्यभर रचली, तुझ्या बापाला तू वजन शिकवणार का, बाटलीत बघून का, असं बरंच काही त्यापुढं आलं. विरुपाक्षनं बाटली उचलली आणि आत गेला.

संध्याकाळी सहा जणांनी मिळून टाकी स्टँडवर चढवली. शरणप्पांनी स्टँडला खांदा लावून रेटा दिला, मग भिमाला द्यायला लावला. जागचं हललं नाही. लई भक्कम हाय की, असं भिमा म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्या स्टँडवर बैल बांधला असता तरी चाललं असतं. अक्कम्मा आतून बघत होती. नवऱ्याचे हात सोललेले, धोतर घामानं भिजलेलं, आणि तोंड कुरकुरत असलं तरी डोळे लहान पोरासारखे लकाकत होते. पोराच्या बारशात, लिंगदीक्षेत, शाळा-कॉलेजात त्यांनी कधी हाताची घडी सोडली नव्हती. तिला भरून आलं.

सोमवारी नळाला पाणी आलं तेव्हा घागरीनं टाकी भरली. गल्लीतल्या बायका नाकं मुरडत बघून गेल्या, एवढं पाणी माशांना म्हणून. मग विरुपाक्ष म्हणाला की पाणी दोन दिवस तसंच राहू द्यायचं, मासे नंतर. पाणी मुरवायला ते काय लोणचं आहे, असं शरणप्पांनी विचारलं, पण यावेळी आवाज चढला नव्हता. बुधवारी मासे सोडले. सोनेरी, काळे, चपटे पट्ट्यापट्ट्यांचे, मिळून बावीस. हवेचा पंप गुरगुरायला लागला, बुडबुडे वर आले. शरणप्पा पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसले होते. पण त्या दिवशी त्यांचं एक पान तासभर उलटलं नाही, आणि समोरच्या कपाटाच्या काचेत टाकी सबंध दिसत होती.

बाजारात गोष्ट पसरली. मंगळवारपर्यंत हसणारे लोक गुरुवारी बघायला आले. शरणप्पा टाकीबद्दल चकार शब्द बोलत नसत, स्टँडबद्दल बोलत. बाभूळ आहे, वीस वर्षांची, पन्नास पोती ठेव. अशानं शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला खुद्द चनबसप्पा आला. पांढरंशुभ्र धोतर, पायात कोल्हापुरी, तोंडात पान. नव्या दुकानात गल्ल्यासमोर असलंच काहीतरी ठेवावं असं त्याच्या मनात होतं. एक नाही, दोन, दाराच्या दोन्ही बाजूंना. विरुपाक्षनं कागद-पेन्सिल घेतली, मापं विचारली. अक्कम्मानं आत चहा टाकला आणि भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बघून हात जोडले. दोन टाक्या म्हणजे दोन गिऱ्हाइकं धरायला हरकत नव्हती.

शरणप्पांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. ज्यानं चारचौघांत सुकट विचारली तोच दारात येऊन टाकी मागतो आहे. ते उठले. चनबसप्पाला स्टँडपाशी घेऊन गेले. टाकी कुणीही करेल, खालचं बघ, म्हणाले. सहा पाय का, चार का नाहीत, ते सांगितलं. ते सांगत असतानाच काचेतून आवाज आला. मोठा नाही. सुपारी फोडल्यासारखा.

समोरच्या काचेवर खालच्या कोपऱ्यातून एक रेघ वर चढली, क्षणभर थांबली, आणि मग सगळी काच एकदम सुटली. पाचशे लिटर पाणी खोलीत उतरलं. गाद्या, तक्के, चोपड्या, सगळं त्यात आलं. चनबसप्पा त्याच्या वयाला न शोभेल अशी उडी मारून बाकावर चढला, तरी धोतर गुडघ्यापर्यंत भिजलंच. विरुपाक्ष पंपाची वायर उपटायला धावला. स्टँड तेवढं जागेवर होतं, तसूभर हललं नव्हतं.

आणि जमिनीवर मासे. बाकाखाली, उंबऱ्याशी, तक्क्याच्या घडीत, सगळीकडे तडफडत होते. शरणप्पा ओरडायला लागले. उचला की कुणीतरी, म्हणत होते. अक्कम्मा दारात साडी वर धरून थिजून उभी. जन्मात तिनं माशाला हात लावला नव्हता, आणि त्यांनीही नाही. एक सोनेरी मासा त्यांच्या पायाच्या अंगठ्यापाशी येऊन आपटत होता, तोंड उघडत होता, मिटत होता. शरणप्पांनी शिव्या दिल्या. पुण्याला दिल्या, कुंडलिकला दिल्या, काचवाल्याला दिल्या, आणि देता देताच ते खाली वाकले आणि त्यांनी मासा उचलला. गार, बुळबुळीत, मुठीत जीव नुसता धडधडत होता. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. जवळचं भरलेलं भांडं म्हणजे देवघरातली तांब्याची घागर. अक्कम्मा म्हणाली, अवो, ते पूजेचं पाणी हाय. "गप," ते ओरडले आणि मासा घागरीत सोडला. मग दुसरा. मग गुडघ्यांवर बसून, बाकाखाली हात घालून तिसरा. विरुपाक्षही उचलत होता, घरी पोतं पोचवायला आलेला भिमा आवाज ऐकून धावत आला तो ओंजळीनं उचलत होता. बावीसपैकी सतरा घागरीत गेले. पाच गेले ते गेले.

धोतर पिळत चनबसप्पा उंबरा ओलांडून निघून गेला, आणि टाक्यांची गोष्ट त्याच्याबरोबर गेली हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

शरणप्पांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. काच नकली. काच बसवायला भरलेली लांबी कच्ची, बिस्किटासारखी. चनबसप्पाची नजर काळी. वर्तुळ करून ते सगळ्यांवरून फिरले आणि विरुपाक्षवर येऊन थांबले. तो स्टँडपाशी उकिडवा बसला होता, पाठमोरा, गप्प. त्याच्या या गप्प बसण्यानंच त्यांचं डोकं आणखी फिरलं. त्यानं उलट बोलावं, भांडावं, बापाच्या अंगावर ओरडावं, म्हणजे त्यांनाही ओरडता आलं असतं आणि कसंबसं सगळं निभावलं असतं.

"बोल की," ते म्हणाले. "तोंडात काय हाय?"

विरुपाक्षनं खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. चौकटीच्या एका कोपऱ्याखाली घातलं. ते सहज आत गेलं. मग घडी घालून परत घातलं, मग परत घडी घालून. तरी जात होतं.

"हितं फट हाय, अप्पा. एका फळीवर टाकी टेकली, बाकीकडं अधांतरी. लोखंडाला पीळ बसला. लोखंड सोसतं. काच न्हाय सोसत."

"कधीपासनं हाय?"

"पयल्या दिवसापासनं."

"तुला म्हाईत होतं?"

"व्हय."

शरणप्पांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "मग बोलला का न्हाईस?"

"बोललो की. तुमी सुम्नीरू म्हणला."

"एकदा म्हणलो. दुसऱ्यांदा सांगायचं."

विरुपाक्ष उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच शरणप्पांना सोसवेना.

"दुसऱ्यांदा तुमाला कोण सांगतंय, अप्पा?"

शरणप्पा गर्रकन भिमाकडे वळले. भिमा पोत्यानं पाणी टिपत होता, तो टिपतच राहिला. "गाठ होती, मालक, लाकडाला," एवढंच जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाला. मग ते अक्कम्माकडे वळले. तिनं पदराचा शेव बोटाभोवती गुंडाळला, सोडला. बुधवारपासनं कोपऱ्यात पाणी पाझरत होतं, म्हणाली. ती दर तासाला फडक्यानं पुसून घेत होती. तुमी इतकं मन लावून केलेलं, म्हणाली.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बायकोला, पोराला, हमालाला. पाच दिवस हे घर त्या फटीच्या भोवती पाय न वाजवता वावरत होतं, आणि ते एकटे पन्नास पोती ठेव म्हणून बढाया मारत होते. शरणप्पांना एकदम वाटलं, अडतीवर असंच असेल का. मापाडी, दिवाणजी, गावचे शेतकरी, समोर बसून मान डोलावणारे सगळे लोक काय काय गिळून घरी जात असतील. त्यांना राग आला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणावर काढायचा ते कळेना, आणि तो तसाच छातीत घेऊन ते ओल्या बाकावर बसले.

"अजून काय सांगितलं न्हाईस?" त्यांनी विचारलं. त्यांना हळू विचारायचं होतं, पण आवाज खणखणीतच आला.

विरुपाक्षनं घागरीच्या तोंडाशी आलेला मासा बोटानं आत लोटला. मग म्हणाला, "रविवारी सकाळी पुण्याला चाललोय. तिकीट काढून ठेवलंय."

"आज काढलंस?"

"सोमवारी."

सोमवारी. टाकीत पाणी भरलं त्या दिवशी. मासे सोडायच्या दोन दिवस आधी. चनबसप्पा यायच्या चार दिवस आधी. शरणप्पांनी ते बोटांवर मोजलं नाही, पण मनात मोजलं.

"मग पाणी भरलं कशाला? मासे सोडले कशाला? त्या चन्नूला मापं काय म्हणून विचारत होतास?"

"तुमच्या हाताला फोड आले होते," विरुपाक्ष म्हणाला. "माझ्यासाठी तुमी काय करताना मी पयल्यांदाच बघितलं. म्हणलं, टिकंल कदाचित. टिकलं तर तिकीट फाडू."

"आणि काढलं कशाला ते तिकीट?"

"फळी वर आलीय, एवढं बोलायला मला ह्या घरात जमलं न्हाय. मी बाटली घेऊन आत गेलो, मला माझीच लाज वाटली. हितं ऱ्हाऊन मी धंदा काय करणार?"

पलीकडे भिमानं पोतं पिळलं, त्याचं पाणी बादलीत पडलं. अक्कम्मानं डोळ्याला पदर लावला होता. शरणप्पांच्या तोंडात तीन वाक्यं आली. जा, असं एक होतं. बापाला शिकवतोस, असं दुसरं होतं. तिसरं कानडीत होतं. तिन्ही त्यांनी गिळली.

"गाडी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

विरुपाक्षनं वेळ सांगितली. शरणप्पांनी मान हलवली. विरुपाक्ष लगेच गेला नाही. वाकून त्यानं मेलेले पाच मासे एका कागदावर गोळा केले, कागदाची पुडी केली, आणि मग हात पुसत तिथंच उभा राहिला, बापाकडे बघत, अजून काही ऐकायचं बाकी असल्यासारखा.

राहा, हा शब्द शरणप्पांच्या तोंडापर्यंत आला होता. पण त्यांच्या तोंडून तो हुकूम म्हणूनच बाहेर पडला असता. दुसऱ्या कुठल्या सुरात तो म्हणायचा असतो ते त्यांनी कधी शिकून घेतलं नव्हतं. ते तो सूर शोधत बसले. तोवर विरुपाक्ष घागर उचलून आत निघून गेला.